उष्णता आणि ओल : पाईपचे कानमंत्र

पाईप घ्यायला गेलास की आधी त्याच्या भोकाकडे बघ. रंग, झिलई, दांडीवरचं चांदीचं कडं, कंपनीचं नाव, हे सगळं नंतर. बाऊल उजेडात धर आणि तळाशी नजर टाक. धूर ज्या भोकातून ओढला जातो ते बरोबर तळाशी आणि मध्यावर उघडलं पाहिजे. ते वर कुठेतरी उघडत असेल तर त्याखालचा तंबाखू कधीच नीट जळणार नाही. तिथे ओला गोळा साचत राहील आणि शेवटच्या झुरक्यांना कडू रस जिभेवर येईल. मग एक पाईप क्लीनर मुखाकडून आत सरकव. तो न अडखळता बाऊलपर्यंत पोचला तर पुढचं बोलणं. मध्येच अडला तर पाईप ठेवून दे, दिसायला कितीही देखणा असो. याला एकच मोठा अपवाद आहे. डब्लिनच्या पीटरसनने 1890 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं त्या ‘सिस्टिम’ पाईपमध्ये दांडीत ओल साठवायला मुद्दाम खळगा केलेला असतो, तिथे क्लीनर सरळ जात नाही. तो दोष नव्हे.

हे मला माझ्या मामांनी शिकवलं. ते बोटीवर इंजिनियर होते आणि पाईपकडेही त्याच नजरेने बघायचे. बॉयलर काय, पाईप काय, भांडण दोघांशीच, असं ते म्हणत : उष्णता आणि ओल. आज मी तुझा मामा म्हणून तुला तेच सांगतोय. तंबाखू जळतो तेव्हा त्यातलं पाणी वाफ होऊन धुराबरोबर निघतं, आणि जळण्यातूनही आणखी पाणी तयार होतं. दांडीत ते निवतं आणि थेंब होतात. जोरात ओढलंस की निखारा तापतो, वाफ वाढते, जीभ पोळते, लाकूड भिजतं. पाईपचं लाकूड, माती, दगड, आकार, लांबी हे सगळं माणसाने या दोन गोष्टींपायी शोधून काढलेलं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. तू ओढत नसशील तर सुरू करू नकोस. पाईप सिगारेटपेक्षा सोवळा असतो हा समज खोटा आहे. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत हे खरं, पण तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही निकोटिन शरीरात जातंच, आणि ओठ, जीभ, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांचा कॅन्सर पाईपवाल्यांनाही गाठतो. फुप्फुसंही सुटत नाहीत. पण तू मोठा आहेस, ओढतोस हे मला ठाऊक आहे, आणि आजोबांचे पाईप तुझ्या वाटणीला आले आहेत. तेव्हा अर्धवट माहितीवर ते खराब करू नयेस एवढ्यासाठी हे सांगणं.

पाईपमध्ये जुना आणि सगळ्यात साधा मातीचा. हॉलंडमधलं खाउदा हे गाव सतराव्या-अठराव्या शतकात पांढऱ्या मातीच्या पाईपांवर जगलं. लंडनला थेम्सच्या काठी ओहोटीच्या वेळी आजही या पाईपांचे तुकडे सापडतात, इतके ते स्वस्त होते आणि इतक्या सहज मोडायचे. माती चवीला सगळ्यात प्रामाणिक. तंबाखू जसा आहे तसा लागतो, पाईपची स्वतःची चव मध्ये येत नाही. पण माती तापते. बाऊल हातात धरवत नाही, दांडी नाहीतर बुडाची खुंटी धरावी लागते. दातांत मातीची दांडी धरायची सवय तर अजिबात लावून घेऊ नकोस. त्या काळातल्या सांगाड्यांच्या दातांना दांडीने घासून झालेल्या गोल खाचा दिसतात.

आपली चिलीमही मातीचीच, आणि तिलाही हेच दोन प्रश्न. म्हणून तर तिच्यात तळाशी खडा टाकतात, निखारा तोंडात येऊ नये म्हणून. आणि खाली ओल्या फडक्याची छापी गुंडाळतात, धूर थोडा निवावा म्हणून. हुक्क्यात तो पाण्यातूनच ओढतात. दख्खनचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. अकबराच्या अखेरच्या वर्षांत त्याचा दूत असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याने तंबाखू पहिल्यांदा पाहिला आणि रत्नजडित नळीसह तो बादशहापुढे आग्र्याला नेला. अकबराने दोन-चार झुरके घेतले आणि त्याच्या हकिमाने लगेच हरकत घेतली. त्या हकिमाचं म्हणणं तेव्हाच ऐकायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता ब्रायर. तुझ्याकडे आलेल्या पाईपांतले बहुतेक ब्रायरचे आहेत, म्हणून इथे जरा थांबून सांगतो. भूमध्य समुद्राच्या काठी, कॉर्सिका, सार्डिनिया, कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया या भागात एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप उगवतं. त्याच्या मुळाच्या आणि खोडाच्या मध्ये एक गाठाळ कंद वाढतो, वर्षानुवर्षं, सावकाश. दुष्काळात आणि वणव्यात झुडूप त्या कंदावर तग धरतं. तोच कंद म्हणजे ब्रायर. टणक, जळायला नाराज आणि तरी ओल शोषणारा. पाईपला नेमकं हेच हवं. कंद कापून तुकडे तासन्‌तास उकळतात, आतला चीक निघून जावा म्हणून. मग महिनोन्‌महिने, चांगले कारागीर तर काही वर्षं, सावलीत सुकवतात. हे सुकवणं कुणी घाईत उरकलं असेल तर ते दुकानात दिसत नाही, ओढताना कळतं : आंबट, कच्च्या लाकडाची चव.

फ्रान्सच्या ज्युरा डोंगरात सां-क्लोद नावाचं गाव आहे. तिथले लोक आधी लाकडाच्या जपमाळा आणि धार्मिक वस्तू कातायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्या हाती ब्रायर आला आणि गाव पाईपांचं झालं. त्याआधी लोक चेरीचं, अक्रोडाचं, मिळेल ते लाकूड वापरून बघत होते आणि ते जळत होतं.

ब्रायर घेताना रेषा बघ. उभ्या सरळ रेषा सगळीकडून वर चढलेल्या दिसल्या तर त्याला ‘स्ट्रेट ग्रेन’ म्हणतात आणि त्याचे पैसे भरपूर घेतात. बाजूला बारीक गोल ठिपके दिसले तर तो ‘बर्ड्‌स आय’. दोन्ही दिसायला सुंदर, पण धुराला त्याने काही फरक पडत नाही. मला स्वतःला खडबडीत, वाळूच्या माऱ्याने खरवडलेला पाईप आवडतो. लंडनच्या डनहिल कंपनीने 1917 मध्ये या कामाचं पेटंट घेतलं आणि त्याला ‘शेल’ म्हटलं. वाळूने मऊ लाकूड झडतं, टणक रेषा उठून दिसतात, हातात पकड येते आणि पृष्ठभाग वाढल्याने उष्णताही जास्त निघून जाते. शिवाय असे पाईप गुळगुळीत पाईपांपेक्षा बहुधा स्वस्त पडतात. गुळगुळीत पाईपवर नखाच्या टोकाएवढे फिकट, रेषा तुटलेले ठिपके दिसले तर ते लांबी भरलेलं आहे असं समज. लहानशी लांबी असली तर बिघडत नाही, पण बाऊलच्या काठाला असली तर घेऊ नकोस, तिथे काडी लागते. आणि जाड रंगाच्या, काचेसारख्या चमकणाऱ्या वार्निशखाली झाकलेलं लाकूड तर मी हातातही धरत नाही. लाकडाला श्वास घ्यायला जागा हवी.

नव्या ब्रायरला आधी अर्धाच भर. अर्धा बाऊल, सावकाश, तळापर्यंत. काही दिवस असं केलं की आतून काजळीचा पातळ थर धरतो आणि तो लाकडाला निखाऱ्यापासून वाचवतो. मग हळूहळू पूर्ण भरायला लाग. मध चोपडणं, दारू चोपडणं असले उपाय लोक सांगतील. काही करू नकोस. थर तंबाखूचाच धरू दे.

मीरशॉम म्हणजे पांढरा दगड, शास्त्रात सेपिओलाइट. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या आसपास जमिनीखालून ओल्या गोळ्यांच्या रूपात तो काढतात. ओला असतानाच सुरीने कोरता येतो, सुकला की इतका हलका आणि सच्छिद्र होतो की पाण्यावर तरंगतो. मधमाश्यांच्या मेणात बुडवून त्याला झिलई देतात. ओढता ओढता तो पांढऱ्याचा पिवळसर, मग मधाच्या रंगाचा, मग तपकिरी होत जातो, आणि हा रंग चढवणं हेच पाईप ओढणाऱ्याचं कौतुक असतं. दगड ओल पिऊन घेतो, म्हणून धूर कोरडा आणि थंड. ब्रायरसारखी विश्रांतीही त्याला फार लागत नाही, आणि एका तंबाखूचा वास दुसऱ्याला लागत नाही. पण मीरशॉमचे नियम ब्रायरच्या उलटे आहेत. आत थर धरू द्यायचा नाही, प्रत्येक वेळी मऊ फडक्याने पुसून घ्यायचा. गरम असताना बाऊलला बोट लावायचं नाही, मेण मऊ झालेलं असतं आणि डाग बसतो. पडला तर संपला. विकत घेताना हे विचार की तो अखंड दगड आहे की भुशाचा दाबून केलेला. भुशाचा जड लागतो आणि रंगही ठिगळांनी चढतो.

शेरलॉक होम्सच्या हातात चित्रांत जो भोपळ्याचा मोठा वाकडा पाईप दिसतो, त्याच्या आतही वरची वाटी बहुतेक मीरशॉमचीच असते. खाली भोपळ्याची पोकळी, तिथे धूर निवतो. उत्तम युक्ती आहे. पण कॉनन डॉयलच्या कथांत होम्स तो ओढत नाही. तिथे त्याचे पाईप मातीचे, चेरीचे आणि ब्रायरचे आहेत.

पहिला पाईप कोणता, असं विचारशील तर मी मक्याच्या कणसाचा सांगेन. हसू नकोस. अमेरिकेत मिसुरी नदीकाठच्या वॉशिंग्टन गावात हेन्री टिबे नावाचा डच सुतार होता. 1869 पासून तो कणसाचे पाईप कातून विकू लागला. कणसाच्या अंगावरची भोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून गुळगुळीत करायच्या पद्धतीचं पेटंट त्याने 1878 मध्ये घेतलं. तोच कारखाना ‘मिसुरी मीरशॉम’ या नावाने आजही त्या गावात चालू आहे. 30 ऑगस्ट 1945 ला अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर जपानमध्ये अत्सुगीच्या विमानतळावर उतरले ते दातांत असाच पाईप धरून. कणीस हलकं, ओल पिणारं, स्वस्त, आणि पहिल्या झुरक्यापासून गोड लागतं. त्याला सवय लावावी लागत नाही. नवा तंबाखू चाखायचा असेल तर मी आधी कणसात भरतो, कारण चव बिघडली तर ती पाईपची नसून तंबाखूची आहे हे लगेच समजतं. तळ जळून भोक पडलं की दुसरा घ्यायचा.

आकाराबद्दल थोडक्यात. सरळ पाईपमधून क्लीनर सहज जातो, ओल कमी साचते, तोंडातल्या लाळेला मात्र परत बाऊलकडे जायची वाट मोकळी असते. वाकडा पाईप दातांवर कमी ओढतो, कारण वजन खाली लोंबतं, पण बाकावर पाणी साचून गुडगुड ऐकू येते. खुर्चीत बसून हातात धरणार असशील तर सरळ, दातांत धरून काम करणार असशील तर हलका आणि थोडा वाकडा. पन्नास ग्रॅमच्या वर असलेला पाईप दातांत टिकत नाही. जाड भिंतीचा बाऊल हाताला गार लागतो. चर्चवॉर्डन, म्हणजे ती लांबलचक दांडी, घरी वाचत बसायला छान आणि बाहेर निरुपयोगी.

मुखाचा तुकडा दोन प्रकारचा येतो. काळा व्हल्कनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. दाताला मऊ, धरायला आरामशीर, पण उन्हात ठेवला की हिरवट-तपकिरी होतो आणि गंधकाचा वास मारतो. ॲक्रिलिक चमक सोडत नाही, पण दाताला कडक. मी व्हल्कनाइटच पसंत करतो आणि पाईप खिडकीत ठेवत नाही.

तंबाखूची नावं दुकानदार तुला पुष्कळ सांगेल. व्हर्जिनियात साखर जास्त, गोड लागतो आणि घाई केलीस तर जीभ सोलतो. बर्ली साखरेला कमी, सांभाळून घेणारा, शिकणाऱ्याला बरा. लताकिया धुरावर सुकवलेला, काळा, तीव्र. सीरियातल्या बंदराचं नाव त्याला पडलं, आता सायप्रसचा चालतो. त्याला वेगळा पाईप ठेव, ब्रायरमध्ये त्याचा वास मुक्काम करतो. व्हॅनिला-चेरीच्या वासाचे तंबाखू शेजाऱ्यांना आवडतात, ओढणाऱ्याला क्वचितच. त्यात ओल टिकवायला घातलेली द्रव्यं असतात, ते वाळत नाहीत आणि तोंडात नुसती वाफ येते.

डब्यातला तंबाखू बहुधा जास्त ओला असतो. चिमटीत घेऊन दाब. गोळा तसाच राहिला तर ओला; भुगा झाला तर जास्त वाळला; दाबून सोडल्यावर हळूहळू उलगडला तर बरोबर. ओला असेल तर कागदावर पसरून ठेव. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात पंख्याखालीही तो वाळत नाही, उलट हवेतली ओल पितो. तेव्हा एसी असलेल्या खोलीत किंवा दिव्याजवळ थोडा वेळ ठेवावा लागतो. उघडा डबा जून-जुलैत कपाटात विसरलास तर बुरशी धरेल. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेव. बुरशी दिसली तर सगळा फेक, वरवरचा काढून उरलेला ओढू नकोस.

भरण्याचा जुना युरोपी नियम असा : पहिली चिमूट लहान मुलाच्या हाताने दाब, दुसरी बाईच्या, तिसरी पुरुषाच्या. म्हणजे तळाशी सैल, वर घट्ट. भरून झाल्यावर न पेटवता एक झुरका घेऊन बघ. हवा रिकाम्या पाईपपेक्षा किंचित जडपणे यायला हवी. अडत असेल तर वरून टोचत बसू नकोस, सगळा तंबाखू काढ आणि पुन्हा भर.

काडी ओढल्यावर गंधक जळून जाऊ दे, मग ती बाऊलवर गोल फिरव आणि लहान लहान झुरके घे. तंबाखू फुगून वर येईल. त्याला टॅम्परने, म्हणजे दाबायच्या दट्ट्याने, हलकेच खाली बसव, निखारा विझला तरी विझू दे. आता दुसऱ्यांदा पेटव, हे खरं पेटवणं. यानंतर निखारा जेमतेम जागा राहील इतकंच ओढ. पाईप विझला तर पुन्हा पेटव, विझण्यात कमीपणा नाही. विझू नये म्हणून भराभर ओढण्यात मात्र सगळी हानी आहे : जीभ जाते, चव जाते, लाकूड जातं. बाऊल गालाला लावून बघ. गालाला ठेववत नसेल तर पाईप खाली ठेव आणि निवू दे. गुडगुड ऐकू आली तर दांडी न काढता क्लीनर आत घाल, ओल टिपून घे आणि पुढे चालू ठेव.

गरम पाईपची दांडी कधीही ओढून काढू नकोस. लाकूड आणि रबर दोन्ही तापून फुगलेलं असतं, आणि सांध्याजवळ बारीक चीर गेली की पाईप संपला. निवल्यावर, फिरवत फिरवत काढायची. राख काढायला पाईप अॅश-ट्रेच्या काठावर आपटू नकोस, बुचाच्या तुकड्यावर किंवा तळहातावर उलटा कर. तळाचं ओलं काढून टाक, क्लीनर ओढून घे, एक कोरडा क्लीनर आतच राहू दे. आणि ब्रायरला निदान एक दिवस सुट्टी दे. एकच पाईप रोज ओढलास तर त्याचं लाकूड कधी वाळतच नाही आणि मग तो आंबतो. म्हणूनच रोज ओढणाऱ्याकडे चार-सहा पाईप असतात.

आतला थर एक-दीड मिलिमीटरपेक्षा जाड होऊ देऊ नकोस. काजळी लाकडापेक्षा वेगळी फुगते आणि आतून बाऊल चिरते. खरवडायला टोकदार चाकू वापरू नकोस, बोथट पात्याचा रीमर आण. आजोबांच्या दोन पाईपांत थर फार जाड झालाय, तो एका बैठकीत काढायला जाऊ नकोस, थोडा थोडा काढ.

तेच पाईप आधी स्वच्छ करायचे तर क्लीनर रम किंवा व्होडकात बुडवून दांडीतून फिरव, क्लीनर पांढरा निघेपर्यंत. हार्डवेअरच्या दुकानातलं निळं-जांभळं स्पिरिट वापरू नकोस. त्यात विषारी मिथेनॉल असतं आणि ही वस्तू तोंडात जाते. दारू बाहेरच्या झिलईला लागू देऊ नकोस, रंग उतरतो. रबरी मुख गरम पाण्यात टाकू नकोस, हिरवं पडेल आणि त्याचा बाक सरळ होईल. आणि आजोबांच्या मीरशॉमला दारू, पाणी, काहीच नको, फक्त कोरडं फडकं. त्याचा तो मधाळ रंग चढायला त्यांची कित्येक वर्षं गेली आहेत.

सार्वजनिक जागी ओढायला 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर बंदी आहे, पाईपलाही. घरात लहान मुलं असताना तर ओढूच नकोस, गोड वासाचा धूरही धूरच.

आता शेवटचं, आणि हे बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. महिन्यातून एकदा आरशासमोर दिव्याखाली उभा राहा. ओठांच्या आतली बाजू, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, गालांची आतली कातडी नीट बघ. पांढरा किंवा लाल चट्टा, दुखो न दुखो, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, की पाईप बाजूला ठेव आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना किंवा दातांच्या डॉक्टरांना दाखव. आपोआप बरं होईल म्हणून थांबू नकोस.